डायटीशियन व्हायचंय की ट्रेनर? कोकणातल्या पोरापोरींसाठी पहिल्यापासून सगळं

मे महिना लागला की माझ्याकडे दोन प्रश्न हमखास येतात. एक, "डायबेटीस आहे, हापूस खाल्ला तर चालेल का?" आणि दुसरा, बारावीच्या रिझल्टची प्रिंट हातात घेऊन आलेल्या मुलीच्या आईचा, "हिला तुमच्यासारखं डायटीशियन करायचंय, कोर्स किती महिन्यांचा असतो हो?" पहिल्याचं उत्तर माणूस बघून आणि त्याचे रिपोर्ट बघून द्यावं लागतं. दुसऱ्याचं मात्र मी कित्येक वर्षं तेच तेच देतेय, फोनवर, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत वाढप चालू असताना सुद्धा, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढते. त्यात ट्रेनरचंही घेतलंय कारण माझा धाकटा भाऊ चिपळूणला जिममध्ये ट्रेनर आहे आणि आमच्या दोघांकडे विचारायला येणारी पोरं बरेचदा तीच असतात, त्यातल्या अर्ध्यांना ही दोन कामं वेगळी आहेत हेच माहीत नसतं.

तर पहिली पायरी कोर्स शोधायची नाहीये. आधी हे ठरवा की तुम्हाला दिवसभर कुणाबरोबर बसायचंय. ट्रेनरकडे येणारा माणूस बहुतेक वेळा धडधाकट असतो, त्याला वजन कमी करायचं असतं, ताकद वाढवायची असते, भरतीची तयारी करायची असते, आणि तुम्ही पहाटे साडेपाचला उठून संध्याकाळी साडेनऊपर्यंत उभ्याने काम करायला तयार पाहिजे. डायटीशियनचं खरं शिक्षण आजारी माणसासाठी असतं, म्हणजे डायबेटीस, किडनी, लिव्हर, आयसीयूतला नळीवरचा पेशंट, कमी वजनाचं बाळ. डायटीशियन गोळ्या बदलत नाही, इन्सुलिन कमी-जास्त करत नाही, ते डॉक्टरचं काम. ट्रेनर किडनीच्या पेशंटचा डाएट लिहीत नाही, ते डायटीशियनचं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस आधी फिजिओकडे जातो आणि फिजिओने सोडल्यावर ट्रेनरकडे. आपलं काम कुठवर आहे आणि कुठून पुढे दुसऱ्याकडे पाठवायचं, हे कळण्यासाठीच एवढी वर्षं शिकायचं असतं असं माझं पक्कं मत आहे, आणि खाली जे लिहिलंय ते सगळं फिरून ह्याच मुद्द्यावर येतं.

मी स्वतः आधी चुकलेय म्हणून सांगते. बीएस्सी न्यूट्रिशन झाल्यावर मला वाटलं आता आणखी दोन वर्षं एमएस्सीला कोण घालवणार, म्हणून मी शनिवार-रविवारचा तीन महिन्यांचा एक सर्टिफिकेट कोर्स केला, त्या वर्षी काजूचे पैसे बरे आले होते त्यातून बाबांनी फी भरली. सर्टिफिकेट जाड कागदाचं, सोनेरी बॉर्डर, ते फ्रेम करून घरात लावलं सुद्धा. मग एका मोठ्या हॉस्पिटलात इंटरव्ह्यूला गेले तर तिथल्या हेड डायटीशियन मॅडमनी ते सर्टिफिकेट बघितलंच नाही, एवढंच विचारलं, "इंटर्नशिप कुठे केलीस?" कुठेच केली नव्हती. दुसरा प्रश्न आलाच नाही. बाबांना ते सांगताना जे वाटलं ते दुसऱ्या कुणाच्या पोरीला वाटू नये.

डायटीशियन व्हायचं असेल तर

दहावीत असाल तर अकरावीला सायन्स घ्या आणि त्यात केमिस्ट्री, बायोलॉजी दोन्ही ठेवा. होमसायन्सच्या काही कोर्सना आर्ट्स-कॉमर्सच्या मुलींनाही घेतात, पण बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजी सुरू झाली की त्या पोरी अक्षरशः रडकुंडीला येतात, मी माझ्या वर्गात बघितलंय. सायन्स असेल तर पुढचं कुठलंच दार बंद होत नाही.

मग डिग्री. नावं वेगवेगळी असतात, बीएस्सी न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स, फूड सायन्स अँड न्यूट्रिशन, होमसायन्स, नावावर जाऊ नका, विषयांची यादी मागवा आणि त्यात बायोकेमिस्ट्री, ह्युमन फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, क्लिनिकल न्यूट्रिशन किंवा डाएट थेरपी हे आहेत का ते बघा. तीन वर्षांची डिग्री, नवीन शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष ऑनर्सचं. आपल्याकडून बहुतेक पोरी मुंबईला जातात, जुहूला एसएनडीटीचं सर विठ्ठलदास ठाकरसी होमसायन्स कॉलेज आहे, न्यू मरीन लाइन्सला निर्मला निकेतन आहे, ही दोन्ही जुनी आणि नावाजलेली. मुलग्यांनी आधी ते कॉलेज फक्त मुलींचं आहे का ते विचारून घ्यायचं.

एसएनडीटीचं नाव आलंय तर हेही सांगते. १९१६ साली महिला विद्यापीठ काढणारे धोंडो केशव कर्वे आपल्या दापोलीजवळच्या मुरूडचे. लहानपणी ते एका परीक्षेसाठी मुरूडहून चालत घाट चढून साताऱ्याला गेले होते आणि तिथे त्यांना वय कमी दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. ॲडमिशनच्या दिवसांत मला ही गोष्ट फार आठवते, कारण अजूनही आमच्याकडची पोरं रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसने बसून पहाटे दादर गाठतात आणि काउंटरवर गेल्यावर कळतं की नॉन-क्रीमी लेयरची मुदत संपलीय किंवा बारावीच्या ग्रुपमध्ये बायोलॉजीच नाहीये. माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत घरी बसून वाचा, मग तिकीट काढा.

डिग्रीनंतर थांबू नका. हॉस्पिटलात डायटीशियन म्हणून उभं राहायचं तर एमएस्सी, दोन वर्षांची, क्लिनिकल न्यूट्रिशन किंवा डायटेटिक्समध्ये, नाहीतर निदान डायटेटिक्सचा एक वर्षाचा पीजी डिप्लोमा. आणि त्याच्या जोडीला इंटर्नशिप, चांगल्या मोठ्या हॉस्पिटलात, सलग काही महिने. मी नंतर सहा महिने केली. पगार नाही, स्टायपेंड मिळाला तर नशीब, सकाळी सातला किचनमध्ये ट्रेच्या लाइनला उभं राहायचं, मग वॉर्डचा राउंड, मग डॉक्टरांबरोबर फाइल, आणि दुपारी परत ट्रे आले की कुणी काय टाकलंय ते बघायचं. पुस्तकात पेशंट सगळं जेवतो. वॉर्डात तो दुधी बाजूला काढून ठेवतो आणि पिशवीतून नातेवाइकांनी आणलेला शिरा खातो.

त्यानंतर आरडीची परीक्षा, म्हणजे रजिस्टर्ड डायटीशियन. ही इंडियन डायटेटिक असोसिएशन घेते, १९६३ सालची संस्था आहे. परीक्षेला बसायला कुठली डिग्री चालते, इंटर्नशिप किती आणि कसल्या हॉस्पिटलातली लागते ह्याच्या अटी ठरलेल्या आहेत आणि त्या बदलतातही, म्हणून इंटर्नशिप सुरू करायच्या आधी त्या वाचा, संपल्यावर नव्हे. नावापुढे आरडी लागलं की मोठ्या हॉस्पिटलात तुमचा अर्ज वरच्या गठ्ठ्यात जातो.

आता एक नवीन गोष्ट, ती बऱ्याच जणांना माहीत नाहीये. आजवर आपल्याकडे कुणीही पाटीवर न्यूट्रिशनिस्ट लिहीत आलंय, कुणी विचारणारं नव्हतं. पण २०२१ साली संसदेने ॲलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला आणि त्याच्या यादीत डायटीशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोन्ही आहेत. त्याखाली राष्ट्रीय आयोग आहे, राज्याराज्यात परिषदा आणि नोंदवह्या करायच्या आहेत, आणि कोर्समध्ये काय शिकवायचं ह्याचा एकसारखा अभ्यासक्रमही आयोगाने २०२५ मध्ये काढला. म्हणजे आज जी मुलगी बारावीत आहे ती पास होऊन बाहेर पडेल तेव्हा तिला रजिस्टरमध्ये नाव घालावंच लागेल असं धरून चाला. कॉलेजला ॲडमिशनच्या वेळी सरळ विचारा की तुमचा कोर्स ह्या आयोगाच्या अभ्यासक्रमात बसतो का, आणि उत्तर लेखी मागा.

आणि घरबसल्या डिस्टन्सने करू म्हणणाऱ्यांसाठी, हे नीट वाचा. आपल्याकडे बऱ्याच ताई लग्नानंतर, मुलं शाळेत गेल्यावर डिस्टन्सचा विचार करतात आणि मला त्यांचं कौतुक वाटतं, गावातून रोज कॉलेजला जाणं काय असतं ते मला माहीत आहे. पण यूजीसीने, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या आयोगाने, २०२५ च्या ऑगस्टमध्ये सगळ्या विद्यापीठांना सांगितलंय की फूड अँड न्यूट्रिशन सायन्स आणि क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स हे विषय जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून डिस्टन्स किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायचे नाहीत, नवीन ॲडमिशन घ्यायच्या नाहीत. त्यामुळे कुणी तुम्हाला आता "पूर्ण ऑनलाइन डायटेटिक्सची डिग्री" विकायला आला तर पैसे खिशातच ठेवा. छोटे ऑनलाइन कोर्स ज्ञान वाढवायला करा, मीही करते, त्यावर पाटी लावू नका.

शहाळ्याची गोष्ट

इंटर्नशिपच्या तिसऱ्या महिन्यात मला डायलिसिसच्या युनिटला टाकलं होतं. तिथे गुहागरकडच्या एक काकू होत्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मुलाकडे कांदिवलीला राहत होत्या. त्या दिवशी रिपोर्टमध्ये पोटॅशियम ६ च्या वर, नॉर्मल साधारण साडेतीन ते पाच. मी डाएट शीट परत परत तपासतेय, बटाटा नाही, केळं नाही, भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचं हे सगळं त्या अगदी इमानदारीत करत होत्या. मग बेडखालच्या पिशवीत बघितलं तर दोन शहाळी. एक फोडून झालेलं, स्ट्रॉ तसाच. मी विचारलं तर म्हणाल्या, "अगो बाय, शहाळ्याने कुणाचं वाईट झालंय काय? आमच्याकडे बाळंतिणीला देतात, तापाला देतात."

बरोबरच आहे त्यांचं. पण एका शहाळ्यात एका केळ्यापेक्षा जास्त पोटॅशियम जातं, आणि ज्याची किडनी ते बाहेर टाकू शकत नाही त्याच्या हृदयाचे ठोके त्याने बिघडतात, माणूस जाऊ शकतो. मी पळत जाऊन सिस्टरना सांगितलं, सिस्टरनी डॉक्टरांना, ईसीजी काढला, त्या वाचल्या. मला त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या, एक म्हणजे शीटवर काय लिहून दिलं त्याच्याबरोबर पिशवीत काय आहे तेही विचारायचं, आणि दुसरी म्हणजे शहाळं चांगलं, नाचणी चांगली, प्रोटीन चांगलं अशी सरसकट वाक्यं जो बोलतो त्याने अजून वॉर्ड बघितलेला नाही. तीन महिन्यांच्या शनिवार-रविवार कोर्सात मला हे कुणी शिकवलं नव्हतं, शिकवताही आलं नसतं.

ट्रेनर व्हायचं असेल तर

इथे चित्र जरा वेगळं आहे. आपल्याकडे जिम ट्रेनरला कायद्याने लायसन लागत नाही, म्हणजे उद्या सकाळी कुणीही शिट्टी गळ्यात घालून उभा राहू शकतो आणि राहतातही, आणि म्हणूनच तुम्ही स्वतःहून चांगलं शिक्षण घेणं जास्त गरजेचं आहे.

वय १८ पूर्ण पाहिजे, बारावी झालेली असली तर बरं. पहिली गोष्ट सीपीआरचं प्रशिक्षण, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला वाचवायचं, कोर्सच्याही आधी, चांगल्या परीक्षांना ते लागतंच. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० दाब, किमान ५ सेंटिमीटर खोल, ३० दाबांनंतर २ श्वास, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणालातरी १०८ ला फोन करायला सांगायचं. हे पुतळ्यावर घाम येईपर्यंत करून बघा, व्हिडिओ बघून हात बसत नाही.

मग सर्टिफिकेट. सरळ सांगायचं तर तीन रस्ते आहेत. पहिला परदेशी संस्थांच्या परीक्षा, एसीई, एनएएसएम, एसीएसएम, एनएससीए ही नावं तुम्ही ऐकली असतील, ह्या परीक्षांना एनसीसीएची, म्हणजे अशी सर्टिफिकेटं तपासणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेची, मान्यता आहे आणि मोठ्या शहरातल्या जिम, क्रूझ, आखाती देश इथे त्या चालतात. एसीईच्या पेपरात १५० प्रश्न आणि ३ तास असतात, पास व्हायला ८०० पैकी ५०० चा स्कोअर लागतो. एनएएसएममध्ये १२० प्रश्न, २ तास. सगळं इंग्रजीत. मराठी शाळेतल्या पोरांनी ह्याला घाबरून जाऊ नये, माझ्या भावाने एक दोनशे पानी वही केली होती, डाव्या पानावर इंग्रजी नाव, उजव्या पानावर चित्र आणि मराठीत आपल्या भाषेत अर्थ, हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचा, वाकलं की ताणतो तो, असं. आठ महिने लागले त्याला, नोकरी सांभाळून. एनएससीएची सीएससीएस परीक्षा मात्र ग्रॅज्युएट झालेल्यांना किंवा डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाच देता येते, ती खेळाडूंबरोबर काम करायचं असेल त्यांनी पुढे बघावी.

दुसरा रस्ता आपल्याकडचा, खेळ आणि फिटनेससाठीची जी स्किल कौन्सिल आहे, तिला एसपीईएफएल म्हणतात, तिच्या फिटनेस ट्रेनरच्या कोर्सचा, फी तुलनेने कमी आणि सरकारी चौकटीत बसणारा. मुंबईत खाजगी फिटनेस अकॅडमी पण बऱ्याच आहेत, काही खरंच चांगलं शिकवतात. आणि तिसरा रस्ता डिग्रीचा, शारीरिक शिक्षणाची डिग्री, ग्रॅज्युएशननंतर दोन वर्षांचं बीपीएड, किंवा कोचिंगकडे ओढा असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे कोर्स. बीपीएड झालेला माणूस शाळेतही लागू शकतो आणि संध्याकाळी जिमही बघू शकतो, तालुक्याच्या ठिकाणी राहायचं असेल तर हा रस्ता मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, लोक ह्याच्याकडे उगाच दुर्लक्ष करतात.

फी विचारताना एक आकडा ऐकून थांबू नका. परीक्षेची फी त्यात आहे का, नापास झालो तर परत बसायला किती, पुस्तकं, सीपीआर, आणि प्रत्यक्ष माणसांवर किती तास शिकवणार, हे पाचही विचारा. पाचव्याचं उत्तर देताना समोरचा अडखळला तर उठून या.

सर्टिफिकेट मिळालं की लगेच एकट्याने क्लायंट घेऊ नका. निदान तीन महिने एखाद्या मुरलेल्या ट्रेनरच्या मागे उभं राहा, वजनं उचलून ठेवा, मोजणी करा, तो कुणाला काय सांगतो आणि कुणाला काय सांगत नाही ते बघा. आणि हे कागद जन्मभराचे नसतात, एसीई, एनएएसएमचं दर दोन वर्षांनी नवीन शिक्षणाचे तास दाखवून रिन्यू करावं लागतं, तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी डंबेल हातात द्यायचं नाही, आधी प्रश्न विचारायचे. पार-क्यू नावाचा सात प्रश्नांचा फॉर्म असतो, हृदयाचा त्रास किंवा बीपी, छातीत दुखणं, चक्कर, दुसरा एखादा जुना आजार, चालू गोळ्या, हाडं-सांधे, आणि डॉक्टरांनी फक्त देखरेखीखाली व्यायाम करायला सांगितलंय का. पण तो इंग्रजी फॉर्म पुढे सरकवला की आपल्याकडची माणसं सगळीकडे ‘नो’ वर टिक करतात. म्हणून बोलून विचारा. छातीत दुखतं का विचारलं की नाही म्हणणारा माणूस, "घाटी चढताना छाती भरून येते का, मध्येच थांबायला लागतं का?" असं विचारलं की म्हणतो, "हो, पण ती ॲसिडिटी." त्याला त्या दिवशी ट्रेडमिल नाही, आधी डॉक्टर आणि ईसीजी. बीपीचं पण तसंच, "बीपी होतं, आता नाही" म्हणजे बरेचदा गोळी स्वतःहून बंद केलेली असते.

भावाकडे भरतीची पोरं खूप येतात. पोलीस भरतीत मैदानी ५० गुणांची, पोरांना १६०० मीटर धावणं २० गुण, १०० मीटर १५ आणि गोळाफेक १५, पोरींना १६०० च्या जागी ८०० मीटर. कोकणात ग्राउंड कुठे मिळतं, म्हणून पोरं ओहोटीला किनाऱ्यावर ओल्या घट्ट वाळूत धावतात. एक मुलगा असाच महिनाभर रोज धावून आला, नडगी दुखते म्हणाला, सोबतचे म्हणाले तेल चोळ आणि धाव. भावाने त्याला बाकावर बसवलं आणि नडगीच्या हाडावर अंगठा ठेवून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हळूहळू दाबत आणला. वर काही नाही, मध्ये काही नाही, आणि खालच्या तिसऱ्या भागात एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर पोरगा उडालाच. दुखणं हाडभर पसरलेलं असतं तर विश्रांती, बर्फ, बूट बदलणं एवढ्यावर पहिल्यांदा बघता आलं असतं, पण एकाच बिंदूवर असं दुखलं की हाडाला बारीक तडा असायची शंका घ्यायची असते. भावाने त्याला पळणं बंद करायला लावून हाडाच्या डॉक्टरकडे पाठवलं आणि तडाच निघाला. किनारा समुद्राकडे उतरता असतो, रोज एकाच दिशेने धावलं की एका पायावर जास्त भार येतो, हे त्याने मग सगळ्या बॅचला सांगितलं, जाताना जेवढं तेवढंच येताना धावायचं आणि आठवड्यातून दोन दिवस सपाट रस्ता. त्याने निदान केलं नाही, ते त्याचं कामच नाही, पण कधी पाठवायचं ते त्याला माहीत होतं.

ट्रेनरने जेवणाबद्दल काहीच बोलायचं नाही का? बोलायचं की. पाणी, वेळेवर जेवण, भाजी, तळलेलं कमी, दारू, झोप, प्रोटीन कशाकशात असतं, हे सगळं सांगा. पण आजारी माणसाचा तक्ता लिहायचा नाही, आणि शुगरची गोळी चालू असलेल्याला उपाशीपोटी कार्डिओ सांगायचं नाही, काही गोळ्यांवर उपास केला की शुगर एकदम खाली जाते, संकष्टीला किंवा श्रावणी सोमवारी हे आपल्याकडे हमखास होतं. प्रोटीन पावडरचे डबे विकायचा मोह होईल, कमिशन चांगलं असतं, विकायचेच असतील तर निदान डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा, १४ आकडी नंबर आहे का बघा. आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं, जिममध्ये ज्यूस म्हणतात ते, त्याच्या जवळपास जाऊ नका, आपण दिलं नाही नुसतं "अमक्याकडे मिळतं" एवढं सांगितलं तरी ते आपल्या गळ्यात येतं आणि समोरच्याच्या लिव्हरमध्ये, हृदयात.

इथलं जेवण शिकून घ्या, हे दोघांनाही

अभ्यासक्रमात तुम्हाला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते मिळतील, २०१७ च्या तक्त्यात ५२८ पदार्थांची मोजमापं आहेत, ते पुस्तक दोघांनीही जवळ ठेवा. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीनची शिफारस, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅमच्या आसपास. आता हे रत्नागिरीतल्या मांडवीच्या जेटीवरच्या माणसाला कसं सांगायचं? बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात २० ग्रॅमच्या जवळपास प्रोटीन मिळतं, कुळथाच्या १०० ग्रॅममध्येही साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त, पण पिठी करताना घरात माणशी किती पीठ पडतं? दोन चमचे. म्हणून पिठी-भात खाल्ला म्हणजे प्रोटीन झालं असं धरता येत नाही.

एक प्रयोग करा. किचनचा छोटा वजनकाटा आणा आणि आठवडाभर घरातली भाकरी मोजा. आमच्या आईची तांदळाची भाकरी ९० ग्रॅम भरली, शेजारच्या काकूंची १४०. दोघींनाही "दोन भाकऱ्या खा" लिहून दिलं तर एकीला दुसरीच्या दीडपट जेवण जातं. वाटी, पळी, डाव, पेजेचा वाडगा, सगळं एकदा मोजून वहीत लिहा, पेशंट त्याच भाषेत बोलणार आहे.

आणि ऋतू विसरू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ताजे मासे फार कमी, घराघरात सुकट, जवळा, सुके बांगडे, म्हणजे मीठ वाढलं, म्हणजे बीपीच्या माणसांचं पावसाळ्यात वेगळं बघायला लागतं, सुकं आधी पाण्यात भिजवून ते पाणी टाकायला सांगावं लागतं. मग श्रावण, मग गणपती, चाकरमानी आलेले, मोदक, जिम ओस. त्या दिवसांत "मोदक बंद" लिहून दिलं तर लोक तुमच्याकडे यायचंच बंद करतील, दोन मोदक धरून त्या दुपारचा भात कमी करायला सांगा. पोटावरची टेपही आपल्या लोकांसाठी वेगळी, पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० च्या वर गेलं की लक्ष घालायचं, आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ पासूनच जास्त धरतात, परदेशी ॲपमधलं २५ आपल्याला लागू नाही.

पहिलं काम

डायटीशियनसाठी मुंबई-पुण्याचं हॉस्पिटल दोन वर्षं करून मग परत या असं मी सांगेन, कारण इथे एकट्याने बसल्यावर विचारायला कुणी नसतं. सरकारी दवाखान्यातल्या, कुपोषित मुलांसाठीच्या पोषण पुनर्वसन केंद्रासाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागा निघतात, जिल्हा परिषदेच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा आणि जाहिरातीत कुठली डिग्री मागितलीय ते शब्द न् शब्द जुळवून बघा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज झालीयत, डेरवणला वालावलकर हॉस्पिटल आहे, त्यामुळे पूर्वीइतकं लांब जायला लागेल असं नाही. ट्रेनरने जिमच्या नोकरीबरोबर घरी जाऊन शिकवणं सुरू करावं, साठीच्या पुढच्या बायकांना खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा, जिना चढण्याचा व्यायाम शिकवणारं कुणीच नाहीये आपल्याकडे, आणि मुलगे मुंबईला असलेल्या घरांमध्ये ह्याची फार गरज आहे.

सुरुवात करताना एक फाइल करा, डिग्री, इंटर्नशिपचं पत्र, परीक्षेचा निकाल, सीपीआरची तारीख, सगळ्याच्या झेरॉक्स, आणि कुणी मागितली तर लगेच दाखवा, कुणी मागितली नाही तरी टेबलावर ठेवा. दुसऱ्या पानावर फोन नंबर, जवळचा फिजिशियन, हाडाचे डॉक्टर, फिजिओ, डायलिसिसचं सेंटर, आणि एकमेकांचा, म्हणजे ट्रेनरकडे डायटीशियनचा आणि डायटीशियनकडे ट्रेनरचा. पाटीवर नाव, खरी डिग्री, नोंदणी असेल तर तिचा नंबर आणि वेळ. माझ्या पाटीवर एवढंच आहे, आणि ती सोनेरी बॉर्डरची फ्रेम अजून घरी माळ्यावर आहे.